लहान खोलीचं संगीत

१९६० च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या एका आश्रमात न्यूयॉर्कहून आलेला एक उंचापुरा कृष्णवर्णीय पाहुणा काही महिने राहून गेला. स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात तो योग, ध्यान आणि भारतीय तत्त्वज्ञान शिकायला आला होता. त्याचं नाव सॉनी रॉलिन्स. जॅझमधल्या सर्वांत थोर सॅक्सोफोनवादकांत त्याची गणना होते. मैफली आणि रेकॉर्डिंग बाजूला ठेवून स्वतःला पुन्हा घडवायची सवय त्याला आधीपासून होती. १९५९ ते १९६१ या काळात तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास एकट्यानं रियाज करायचा. पवईचा मुक्काम हा त्याच वृत्तीचा पुढचा टप्पा. नंतर १९७८ साली तो पुन्हा मुंबईत आला तो वाजवायला. निरंजन झवेरी यांनी सुरू केलेल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाचं ते पहिलं वर्ष होतं.

घाटकोपर आणि अंधेरीच्या मधोमध जॅझचा इतका मोठा माणूस राहून गेला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यात नवल नाही. जॅझ आणि चेंबर म्युझिक म्हटलं की नरिमन पॉइंट, कुलाबा, फार तर लोअर परळ आठवतं. पाऊस ओसरला की मुंबईत मैफलींचा हंगाम सुरू होतो, फेब्रुवारीपर्यंत एकामागून एक कार्यक्रमांची पत्रकं निघतात, आणि त्यातली बहुतेक ठिकाणं दादरच्या दक्षिणेला असतात. मुलुंड किंवा बोरिवलीचा रसिक कालिदासला नाटक बघतो, प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम ऐकतो, पार्ल्याला हृदयेश महोत्सवात शास्त्रीय गायन ऐकतो. पण स्ट्रिंग क्वार्टेट किंवा जॅझ ट्रिओ हे आपलं नव्हे असं धरून चालतो. मला हे पटत नाही. या संगीताला लागणारा कान उपनगरातल्या मराठी माणसाकडे आधीच आहे. तो कसा तयार झाला आणि येत्या हंगामात तो कुठे वापरता येईल, ते इथे सांगायचं आहे.

आधी चेंबर म्युझिक म्हणजे काय ते पाहू. सिम्फनी ऑर्केस्ट्रात ८०-१०० वादक असतात, पुढे कंडक्टर असतो, एकेका सुरावटीसाठी १०-१२ व्हायोलिनं एकत्र वाजतात. चेंबर म्युझिकमध्ये वादक दोन ते आठ-नऊ, कंडक्टर नाही, आणि प्रत्येक सुरावटीला एकच वादक. चुकलं तर लपायला जागा नाही. मोठ्या घराच्या दिवाणखान्यात, वीस-पंचवीस माणसांपुढे वाजवण्यासाठी हे संगीत लिहिलं गेलं. त्यातला सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो. अठराव्या शतकात योझेफ हायडननं त्याला घाट दिला आणि ६८ क्वार्टेट लिहिली. बेथोव्हेननं १६ लिहिली, त्यांतली शेवटची जवळजवळ पूर्ण बहिरेपणात.

आपल्याकडची खासगी बैठक ज्यानं अनुभवली आहे त्याला हा मामला समजावून सांगावा लागत नाही. तबलजीची नजर गवयाकडे, गवयाची पेटीवाल्याकडे, समेवर आल्यावर एकमेकांना दिलेली मान. क्वार्टेटमध्येही सगळा व्यवहार असाच डोळ्यांनी आणि श्वासानं चालतो. पहिला व्हायोलिनवादक सुरुवातीला नाकानं हलका श्वास घेतो, तोच इशारा. फरक आहे तो वाजवण्याच्या मजकुरात. क्वार्टेटमध्ये प्रत्येक सूर आधी लिहिलेला असतो, आणि चारही वादक एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी वाजवत असतात. आपलं संगीत एका सुरावटीच्या मागे जातं. तानपुरा षड्ज धरून बसतो आणि गायक त्या एका धाग्यावर चालतो. क्वार्टेटमध्ये चार धागे असतात. पहिल्यांदा ऐकणारा बहुतेक वेळा वरच्या व्हायोलिनच्या मागे जातो आणि बाकीचं त्याला नुसती साथ वाटते. त्यानं एक गोष्ट करून पाहावी. पाच मिनिटं फक्त चेलोकडे बघावं आणि त्याचाच सूर ऐकावा. मग हळूहळू लक्षात येतं की वरच्या सुरावटीनं जे विचारलं त्याचं उत्तर खालून येतंय.

सुरुवात कशानं करावी, असं कुणी विचारलं तर मी संगीतकार द्वोर्झाकच्या 'अमेरिकन' क्वार्टेटचं नाव सांगेन. १८९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, स्पिलव्हिल नावाच्या छोट्या गावात त्यानं ते लिहिलं. पहिल्या भागाची मुख्य सुरावट व्हायोलावर येते आणि ती पाचच स्वरांची आहे: आपल्या भाषेत सा, रे, ग, प, ध. भूप ऐकत मोठा झालेला कान ती पहिल्याच फेरीत ओळखतो. ती भूप नव्हे हे खरं. रागाचं चलन तिथे नाही, आणि थोड्याच वेळात खालची संवादी स्वरांची (कॉर्ड्सची) चौकट बदलून तीच सुरावट दुसऱ्या उजेडात दिसू लागते. पण ओळखीचं बोट धरून अनोळखी घरात शिरता येतं.

जॅझची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्याला ती जास्त जवळची आहे, कारण तिथे वाजवणारा जागच्या जागी रचतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय समाजातून हे संगीत उभं राहिलं. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ ची. ऐकणाऱ्याला अनेकदा वाटतं की कलाकार मनाला येईल ते वाजवतोय. तसं मुळीच नसतं. बहुसंख्य जुन्या जॅझ रचनांचा साचा ३२ मापांचा असतो, प्रत्येक मापात ४ मात्रा. म्हणजे एक आवर्तन १२८ मात्रांचं, तीनतालाची आठ आवर्तनं. त्याचे आठ-आठ मापांचे चार तुकडे असतात: पहिला, तोच पुन्हा, मग वेगळा तिसरा, आणि शेवटी परत पहिला. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, तिला 'हेड' म्हणतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्याच १२८ मात्रांच्या चौकटीवर आपली नवी सुरावट विणतो. चाल बाजूला पडते, पण तिच्या पोटातला संवादी स्वरांचा क्रम तसाच फिरत राहतो. शेवटी पुन्हा हेड. मुखडा घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्याला ही रचना कळायला फार वेळ लागत नाही. ब्लूजचा साचा तर आणखी आटोपशीर आहे, १२ मापांचा, ४८ मात्रांचा.

टाळी मात्र बदलावी लागते. आपली सम पहिल्या मात्रेवर. जॅझमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं. मांडीवर १-२-३-४ मोजत २ आणि ४ वर थाप देऊन बघा, संगीताचं अंग लगेच वेगळं हलू लागतं. पुढे सॅक्सोफोन आणि ड्रम चार-चार मापं वाटून घेतात तेव्हा तो आपला सवाल-जवाबच असतो. एका बाबतीत मला जॅझचा ड्रमवादक आपल्या तबलजीपेक्षा एकटा वाटतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा आवर्तन धरून ठेवतो, ऐकणाऱ्याला सम सापडते. जॅझमध्ये ड्रमचा सोलो सुरू झाला की बाकी सगळे थांबतात. आवर्तन कुणीच वाजवत नाही, ते फक्त वादकांच्या आणि जाणत्या श्रोत्यांच्या डोक्यात चालू असतं. आणि तरीही सगळे एकाच क्षणी परत येतात. हा क्षण पकडता आला की समजावं, आपण जॅझ ऐकायला लागलो.

अमेरिकन संगीतकारांनाही आपल्या बाजूचं आकर्षण होतं. जॉन कोल्ट्रेननं १९६१ साली 'इंडिया' नावाची रचना वाजवली, आणि रवि शंकरांबद्दलच्या आदरातून मुलाचं नाव रवी ठेवलं. इकडे मुंबईत १९६८ साली शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात तोडी, भैरव, मालकंस, कलावती अशा ११ रागांवरच्या रचना आहेत. रईस खाँची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, रमाकांत म्हापसेकरांचा तबला. आजही ती ऐकताना वाटतं, हे लोक प्रयोग म्हणून वाजवत नव्हते. हे त्यांचं रोजचं बोलणं होतं.

ते रोजचं का होतं, याचं उत्तर मुंबईच्या सिनेमात आहे, आणि त्याआधी ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ बँड घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. अमेरिकेत वर्णभेदाचे चटके खाणारे हे कलाकार मुंबईच्या बॉलरूममध्ये मानानं वाजवत होते, आणि त्यांच्याकडून थेट शिकत होते ते गोव्याचे तरुण वादक. नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा सगळा काळ फार जिव्हाळ्यानं उभा केला आहे. ज्याला जमेल त्यानं ते वाचावं.

गोवेकरच का? कारण पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. कागदावर लिहिलेलं संगीत समोर ठेवलं की ते पहिल्या फटक्यात वाजवू शकणारी माणसं मुंबईत प्रामुख्यानं तीच होती. अल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत 'चिक चॉकलेट' झाले आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या रात्री मंदावल्या. चर्चगेटच्या रस्त्यावर व्हेनिस, ॲम्बॅसेडर, गेलॉर्ड अशा ठिकाणी जॅझ पुढेही वाजत राहिलं, संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना तिथलेच. पण घर चालवायला भरवशाचं काम मिळत होतं ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये.

इथे आपला पुणतांब्याचा माणूस भेटतो. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या पायांना जो ठेका मिळाला त्यात चिक चॉकलेट यांचा वाटा आहे. त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. १९५७ च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' तर स्विंगच्या अंगानं जाणारं गाणं, आणि ते आपल्या आजी-आजोबांना पाठ होतं. दुसऱ्या बाजूनं मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आले. प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य पद्धतीनं बांधायच्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्या वाद्यवृंदासोबत गायच्या, असं त्यांचं स्वप्न होतं. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये त्याचे कार्यक्रमही झाले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांचं नाव घेणारं गाणं आलं ते शिष्याचं गुरुवंदन होतं. लाखो लोकांनी ते नाव गुणगुणलं, पण ते एका खऱ्या संगीतकाराचं आहे हे बहुतेकांना कळलंच नाही, याची मला अजूनही खंत वाटते.

संगीत दिग्दर्शक चाल बांधायचा. ती कोणत्या वाद्यांनी, किती पदरांत वाजेल हे लिहायचा अरेंजर. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड अशी ती मंडळी. गायकाच्या ओळीमागे व्हायोलिनांची जी दुसरी सुरावट सरकत असते तिला स्टुडिओत 'ऑब्लिगाटो' म्हणायचे. शंकर-जयकिशनच्या कुठल्याही जुन्या गाण्यात ती ऐकू येईल. क्वार्टेटमध्ये चार धागे एकदम ऐकायला शिकावं लागतं असं वर म्हटलं, त्यातले दोन धागे आपण रेडिओसमोर बसून लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आणि या परंपरेची माणसं राहतात कुठे? वांद्रे, मरोळ, आंबोली, मालाडचं ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी. मराठीचीच एक बोली बोलणारा ईस्ट इंडियन समाज तर या गावठाणांत स्टेशनं येण्याआधीपासून आहे. चर्चमधलं समूहगान, लग्नातला बँड, घरातला पियानो यांतून इथल्या मुलांना स्वरलिपी मिळत राहिली. आजच्या घडीला अंधेरी-ओशिवऱ्याच्या गल्ल्यांत रेकॉर्डिंग स्टुडिओ दाटीवाटीनं आहेत. वाजवणारी बरीच मंडळी उपनगरात, ऐकणारी लाखो माणसं उपनगरात, आणि मैफल मात्र शहराच्या टोकाला.

याचं एक कारण सभागृहाच्या शास्त्रात आहे, आणि ते सांगितलं पाहिजे. चेंबर म्युझिक मायक्रोफोनशिवाय वाजतं. व्हायोलिनमधून निघणारा ध्वनी भिंतींवर, छतावर आपटून परत येतो, आणि तो किती वेळ खोलीत रेंगाळतो यावर त्याची गोडी ठरते. बोलण्यासाठी हा काळ एक सेकंद किंवा त्याहून कमी लागतो, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. चेंबर म्युझिकला तो साधारण दीड सेकंद लागतो, मोठ्या सिम्फनीला दोनच्या आसपास. आपली उपनगरातली नाट्यगृहं नाटकासाठी बांधलेली. जाड पडदे, गादीच्या खुर्च्या, शोषून घेणाऱ्या भिंती. संवाद स्वच्छ पोचावा म्हणून हे सगळं बरोबरच आहे. पण तिथे क्वार्टेट वाजलं तर सूर धनुकलीतून सुटल्यासुटल्या कोरडा पडतो. मग माइक लावतात, आणि चार वादकांमधला बारीक तोल ध्वनिव्यवस्थेच्या हातात जातो.

शिवाय आकार. न्यूयॉर्कचा 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हा जगातला बहुधा सर्वांत मानाचा जॅझ क्लब. रॉलिन्सनं १९५७ साली तिथे फक्त बास आणि ड्रमच्या साथीनं जे वाजवलं त्याची ध्वनिमुद्रिका आजही अभ्यासली जाते. ते एक तळघर आहे, सव्वाशेच्या आत-बाहेर माणसं मावतात. लंडनचं विगमोर हॉल चेंबर म्युझिकसाठी जगभर नावाजलेलं. तिथे सुमारे ५५० खुर्च्या. आपल्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) टाटा थिएटर १९८० साली उघडलं, ते मायक्रोफोनशिवाय भारतीय संगीत ऐकू यावं या हेतूनं बांधलेलं, वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. त्यात हजारच्या वर माणसं बसतात, पण त्याच आवारात शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं लिटल थिएटरही आहे. पश्चिम उपनगरात या मापाच्या जागा म्हणजे जुहूचं २०० आसनांचं पृथ्वी थिएटर, आणि २०२३ पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अंबानी कल्चरल सेंटरची दोन लहान सभागृहं, एक अडीचशेचं आणि एक सव्वाशेचं. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून फेब्रुवारीत ब्लूज महोत्सव भरतो. सिनेमाच्या शूटिंगचे मजले तेवढ्यापुरते मैफलीचे होतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला या संगीतासाठी म्हणून ओळखली जाणारी एकही जागा नाही.

तोवर प्रवास करायला हवा, आणि तो आता पूर्वीइतका जड राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेहून थेट कफ परेडपर्यंत धावते. अंधेरी किंवा घाटकोपरच्या माणसानं मेट्रो १ नं मरोळ नाक्याला यावं, तिथे बदलून विधान भवन गाठावं. तिथून एनसीपीए चालत जाण्याइतकं जवळ आहे. बोरिवलीकरांना चर्चगेटची फास्ट लोकल बरी. परतीचा विचार आधी करावा, कारण शेवटची मेट्रो लोकलपेक्षा लवकर निघते. हंगामाचा अंदाज साधारण असा: सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ साली स्थापन झालेला आपला व्यावसायिक वाद्यवृंद, सप्टेंबर आणि फेब्रुवारीच्या सुमारास मोठे कार्यक्रम करतो, त्यातलेच वादक चेंबर मैफलीही करतात. एनसीपीएचा जॅझ महोत्सव बहुधा नोव्हेंबरात असतो. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं. कंडक्टर झुबिन मेहतांचे हे वडील; मेहलींच्या नावाची संस्था 'संगत' हा चेंबर म्युझिकचा महोत्सव भरवत आली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मोठ्या सिम्फनीचं महागडं तिकीट घेण्यापेक्षा अशी लहान मैफल निवडावी, आणि वादकांचे डोळे आणि धनुकल्या दिसतील अशी पुढची जागा घ्यावी. क्वार्टेटच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, सगळे भाग संपल्यावरच. जॅझमध्ये उलट, सोलो आवडला की तिथल्या तिथे दाद द्यायची, आपल्या बैठकीत देतो तशी.

पुढचा प्रश्न जागेचा आहे आणि तो सोडवणं आपल्या आटोक्यात आहे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, ठिकठिकाणची ग्रंथालयं, शाळांची जुनी उंच छताची सभागृहं, चर्चचे हॉल. गादीच्या खुर्च्या आणि जाड पडदे नसलेल्या अशा कितीतरी खोल्या या संगीताला नाट्यगृहापेक्षा जास्त मानवतील. क्वार्टेटला रंगमंच लागत नाही, ध्वनिव्यवस्था लागत नाही. चार बिनहाताच्या खुर्च्या, चार म्युझिक स्टँड, पंखा बंद ठेवता येईल असा जानेवारीतला एक रविवार आणि शंभरेक माणसं एवढ्यावर मुलुंडला पहिली मैफल होऊ शकते. कार्यक्रमपत्रिकेत द्वोर्झाकचं ते क्वार्टेट असावं, आणि त्याच्या आधी कुणीतरी पेटीवर भूपाचे पाच स्वर वाजवून दाखवावेत.